डिसाबाई आणि मंथरा

रविवार, २५ जानेवारी १९८७ रोजी सकाळी दूरदर्शनवर रामानंद सागर यांच्या 'रामायण' या मालिकेचा पहिला भाग झळकला. त्यानंतर सुमारे दीड वर्ष, ३१ जुलै १९८८ पर्यंत, रविवारी सकाळी साडेनऊचा ठोका पडला की वऱ्हाडातील रस्ते ओस पडत. सणाची मिस्सा थोडी लांबली तर लोकांची चुळबूळ सुरू होई, हे त्या काळच्या धर्मगुरूंनी अनुभवलेले आहे. मी तेव्हा अकोल्यात शिकत होतो. आमच्या आळीत एकाच घरी दूरचित्रवाणी संच होता आणि त्या खोलीत जातीधर्माचा भेद न पाळता सारी आळी जमत असे.

कैकेयीचे कान भरणारी मंथरा पडद्यावर आली आणि बायकांनी कडाकडा बोटे मोडली. कोणी शिव्याशाप दिले. तेव्हा कोपऱ्यात बसलेली माझी आजी, जी तरुणपणी अमरावतीला राहिलेली होती, एकदम म्हणाली, "अवं, हे त आपली डिसाबाई हाये! हिले काहून शिव्या देता माय?"

खोलीत हशा पिकला. पण आजीचे ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले. डिसाबाई कोण आणि मंथरा कोण? आणि एकाच बाईच्या ठिकाणी या दोघी कशा नांदल्या? आज इतक्या वर्षांनी त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

ती बाई म्हणजे ललिता पवार. १८ एप्रिल १९१६ रोजी नाशिक जिल्ह्यातील, पैठणीसाठी प्रसिद्ध असलेल्या येवल्याच्या सगुण घराण्यात त्यांचा जन्म झाला. पाळण्यातले नाव अंबिका. त्यांच्या जन्मापूर्वी अवघी तीन वर्षे आधी, १९१३ साली, दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला होता. त्या चित्रपटात तारामतीची भूमिका साळुंके या पुरुषाने केली, कारण चित्रपटात काम करण्यास कोणी स्त्री तयार होईना. पुढे 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी ती कोंडी फोडली. तरीही विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात चांगल्या घरच्या मुलीने तोंडाला रंग लावणे हे अब्रू गमावण्यासारखेच मानले जाई. अशा काळात अंबिका बालवयातच मूकपटात आली. बोलपट आल्यावर ती नायिका झाली, गाऊ लागली आणि तरुणपणीच चित्रनिर्मितीतही उतरली. १९३७ सालचा 'दुनिया क्या है' हा तिचा चित्रपट टॉलस्टॉय यांच्या 'पुनरुत्थान' या कादंबरीवर आधारलेला होता. भालजी पेंढारकरांच्या 'नेताजी पालकर'मध्ये आणि मास्टर विनायकांच्या 'अमृत'मध्येही ती चमकली.

आणि मग आघात झाला. १९४२ च्या सुमारास एका चित्रपटाच्या चित्रीकरणात सहकलाकार मास्टर भगवान यांना ललिताबाईंच्या मुखात मारावयाची होती. मनात राग नव्हता, प्रसंग नुसता अभिनयाचा होता. पण हात जोरात बसला. चेहऱ्याच्या एका बाजूवरचा ताबा गेला आणि दीर्घ उपचारांनंतरही डावा डोळा कायमचा अधू राहिला. सव्वीस वर्षांची नायिका, आणि नायिकेचे भांडवल म्हणजे तिचा चेहरा! त्या काळी एवढ्यावर कोणाचीही कारकीर्द संपली असती.

ललिताबाईंची संपली नाही. नायिकेचे दार बंद झाले हे त्यांनी स्वीकारले आणि दुसरे दार ठोठावले. १९४४ साली 'प्रभात'च्या 'रामशास्त्री'मध्ये त्या आनंदीबाई झाल्या. बारीक होणारा तो डावा डोळा आता कारस्थानाची, करडेपणाची खूण बनला. पुढे खाष्ट सासू म्हटली की ललिता पवार, असे समीकरणच झाले. 'दहेज', 'जंगली', 'प्रोफेसर' अशा कितीतरी चित्रपटांतून त्यांनी कडक, हेकट स्त्रिया उभ्या केल्या. घरोघरच्या सुना आपल्या सासूला मनातल्या मनात 'ललिता पवार' म्हणू लागल्या. एखाद्या अभिनेत्रीचे नावच शिवी होऊन बसावे, हा तिच्या कलेचा केवढा मोठा सन्मान आणि तिच्या वाट्याला आलेले केवढे मोठे ओझे!

परंतु आजीची डिसाबाई वेगळी होती. चित्रपट व्यवसायात आपल्या भागाला अजूनही जुन्या प्रांताच्या नावाने 'सी. पी. बेरार' म्हणतात. भुसावळ आणि अमरावती ही या विभागातील वितरकांची महत्त्वाची ठाणी. त्यामुळे मुंबईचा चित्रपट वऱ्हाडात पोचण्यास फार वेळ लागत नसे. ज्या १९५५ साली अमरावती हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, त्याच वर्षी राज कपूर यांच्या 'श्री ४२०'मध्ये ललिताबाई केळी विकणारी प्रेमळ गंगामाई झाल्या. आणि १९५९ साली हृषीकेश मुखर्जींच्या 'अनाडी'ने आमच्या वऱ्हाडी ख्रिस्ती कुटुंबांना मिसेस डिसा दिली.

मिसेस डिसा ही मुंबईतली एक ख्रिस्ती घरमालकीण. वरून फटकळ, रागीट, आतून लोण्यासारखी. राज या गरीब, भोळ्या भाडेकरूवर ती खेकसते आणि त्याला पोटच्या पोरासारखे जपते. शेवटी एका बड्या कंपनीचे सदोष औषध घेऊन तिचा मृत्यू होतो आणि तिच्या खुनाचा आळ त्या निरपराध राजवरच येतो. या भूमिकेसाठी ललिताबाईंना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक लाभले. १९६१ साली संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा गौरव केला.

हिंदी चित्रपटांतील ख्रिस्ती पात्रे आठवून पाहा. गुत्त्यावरचा मायकल, खलनायकाच्या अड्ड्यावर नाचणारी मोना, झिंगलेला अंकल! शेजाऱ्यांच्या मुलांनी या नावांनी आपल्या मुलांना चिडवलेले किती घरांत ठाऊक आहे. मिसेस डिसाचे हिंदीही मोडकेतोडके होतेच, ठरावीक साचा तिथेही पूर्ण सुटला नव्हता. पण तिच्यात कष्टाळू, श्रद्धाळू, माणुसकी जपणारी ख्रिस्ती बाई पहिल्यांदाच साऱ्या देशाने पाहिली. आणि ती साकारली येवल्याच्या एका हिंदू घरातल्या लेकीने. आपल्या समाजाचे जे रूप आपण स्वतः जगापुढे मांडू शकलो नव्हतो, ते तिने मांडले. हे ऋण आपण कधी बोलून दाखवले का?

विशेष हे की डोळा तोच होता. ज्या अधू डोळ्याने मंथरेचा कावा दाखवला, त्याच डोळ्यातून डिसाबाईची माया पाझरली. चेहरा बदलला नव्हता; बदलले होते ते त्यामागचे अंतःकरण. इशायाच्या मुलांपैकी राजा निवडताना शमुवेल संदेष्ट्याला उंची आणि रूप पाहू नये असे बजावले गेले होते. आपण मात्र शेजारणीच्या कपाळावरची आठी पाहून तिचा स्वभाव ठरवून मोकळे होतो. कडक बोलणारी विधवा, तिरसट म्हातारा, तोंडाळ सासू, प्रत्येक धर्मग्रामात अशी माणसे असतात. त्यांच्या चेहऱ्यावर आयुष्याने कुठे आणि किती जोराचा हात मारला आहे, याची चौकशी आपण करीत नाही.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्याच्या औंध भागात ललिताबाईंनी जगाचा निरोप घेतला. मूकपटापासून दूरचित्रवाणीपर्यंत सुमारे सत्तर वर्षांचा तो प्रवास होता. २०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी लागली, देवळे, मशिदी, चर्चेस बंद झाली आणि 'रामायण' पुन्हा प्रसारित झाले. नवी पिढी मंथरेवर पुन्हा संतापली. आजी तोवर प्रभूघरी गेली होती. म्हणून या खेपेस मीच शेजारच्या मुलांना सांगितले, "पोरांनो, हिला शिव्या देऊ नका. ही आपली डिसाबाई आहे."