राजमान्यता आणि गुरुऋण

आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांस पारितोषिके देण्याची प्रथा सर्व ज्ञातिबंधु-भगिनींच्या परिचयाची आहे. सत्तेने विद्येचा सत्कार करण्याची परंपरा आपल्या प्रांतात कशी वाढत आली आणि तीत विज्ञान व विज्ञानशिक्षक यांच्या वाट्यास काय आले, हे या निमित्ताने पाहणे उद्बोधक ठरेल.

पेशवाईत श्रावणमासी पुण्यास विद्वानांना दक्षिणा वाटली जाई. मात्र तो मान ब्राह्मणवर्गापुरता होता आणि शास्त्र म्हणजे प्राचीन संस्कृत शास्त्रे, असाच अर्थ होता. १८१८ मध्ये पेशवाई गेली, तरी दक्षिणेचा निधी राहिला. त्यातूनच १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात पाठशाळा उघडली गेली. पुढे लोकहितवादींसारख्या सुधारकांनी हा पैसा मराठी ग्रंथरचनेकडे वळवावा असा आग्रह धरला आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली. जन्मास मिळणारा मान कृतीस मिळावा, या विचाराचा हा आरंभ होय.

तथापि नवी कसोटीही निर्दोष नव्हती. १८५५ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी विद्येचे महत्त्व पटविणारे ‘तृतीय रत्न’ हे नाटक कमिटीकडे सादर केले. ते नाकारण्यात आले. आज महाराष्ट्र शासनाचा राज्य शिक्षक पुरस्कार त्यांच्याच सहधर्मचारिणी सावित्रीबाईंच्या नावाने दिला जातो. काळाने केलेला हा न्याय चिंतनीय आहे.

स्वातंत्र्यानंतर दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहू लागले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे पहिले संचालक डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांच्या स्मरणार्थ ठेवलेले पारितोषिक १९५८ मध्ये प्रथम दिले गेले. पहिले मानकरी होते पदार्थवैज्ञानिक के. एस. कृष्णन. त्याच सुमारास शिक्षकांसाठी राष्ट्रीय पुरस्कारही सुरू झाले. एक मान संशोधकाचा, दुसरा शिक्षकाचा; परंतु या दोहोंना जोडणारा धागा सरकारी यादीत दिसत नाही.

तो धागा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या चरित्रात दिसतो. गोव्यातील माशेल येथे जन्मलेला, पितृछत्र हरपलेला हा मुलगा मुंबईस गिरगावच्या युनियन हायस्कुलात शिकला. तेथील भावे सरांनी मुलांना उन्हात नेऊन बहिर्गोल भिंगाने सूर्यकिरण कागदावर एकवटून दाखविले. कागद जळाला. शक्ती अशी एकवटली तर काहीही साधते, हा त्या पाठाचा मथितार्थ. १९८२ मध्ये माशेलकरांस भटनागर पारितोषिक मिळाले, पुढे पद्मविभूषणही; आणि ते सद्गदित होऊन भावे सरांचे स्मरण वारंवार करीत आले. पदक शिष्याच्या छातीवर झळकले, पण ठिणगी शाळेच्या अंगणात पडली होती.

२०२२ मध्ये केंद्र सरकारने विज्ञानखात्यांचे अनेक पुरस्कार बंद करून पुढील वर्षी राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार जाहीर केले. विज्ञानरत्न, विज्ञानश्री, विज्ञान युवा आणि विज्ञान टीम असे त्यांचे चार प्रकार. २०२५ चा विज्ञानरत्न कोल्हापूरचे सुपुत्र डॉ. जयंत नारळीकर यांस मरणोत्तर घोषित झाला, ही मराठी मनास धन्यता वाटावी अशी गोष्ट होय. परंतु या चार प्रकारांत शाळेतील विज्ञानशिक्षकासाठी स्वतंत्र प्रकार नाही.

हे उणेपण आपणांस दिल्लीत भरून काढता येणार नाही. येथे मात्र येईल. १८७२ पासून औषधनिर्मितीची परंपरा सांगणारे आपले पनवेल शास्त्रास परके नाही. येथील किती मुले रसायनाचे कारखाने, रुग्णालये व प्रयोगशाळा येथे नोकरीस आहेत, याची ओळख प्रत्येक कुटुंबास आहे. त्यांना पहिली परीक्षानळी हाती देणारे शिक्षक मात्र विस्मृतीत जातात.

म्हणून मंडळापुढे नम्र सूचना अशी, की यापुढे गुणगौरव समारंभात प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या विज्ञानशिक्षकाचे नाव सांगावे आणि त्या गुरुजनांस, ते कोणत्याही ज्ञातीचे असोत, सन्मानाने व्यासपीठावर पाचारण करावे. त्यास निधी नको, ठराव पुरे. नारळ व पुष्पगुच्छ यांचा खर्च तो किती! पण त्या क्षणी सभागृहात बसलेल्या लहान मुलांस कळेल, की भिंग धरणारा हातही वंदनीय असतो.