खर्जाची तार

तंबोऱ्याची खर्जाची तार फार उतरवली की ती सूर सोडून नुसती फडफडू लागते, हे मी लहानपणापासून पाहत आलो. इलेक्ट्रिक बासचा इतिहास वाचताना मला तीच तार आठवली.

१९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी आपला बास बाजारात आणला. त्याच्या चार तारांची सुरावट जुन्या डबल बासचीच होती. सर्वांत खालचा स्वर सेकंदाला ४१ कंपनांचा. त्याच्याही खाली जायचे, तर तीच तार ढिली करावी, हा सोपा उपाय. पण षड्ज-मध्यमाइतके अंतर उतरावे, तर ताण जवळजवळ निम्म्यावर येतो आणि सुराची घरघर होते.

अँथनी जॅक्सन या वादकाला वेगळाच प्रश्न पडला. हे वाद्य गिटारच्या कुळातले. मग गिटारला सहा तारा आणि याला चारच का? १९७५ साली कार्ल थॉम्प्सन या कारागिराने त्यांना सहातारी बास घडवून दिला. त्याची खालची जाड तार ३१ कंपनांवर बोलू लागली. पुढे जॅक्सन यांच्या बासवरील तारांची लांबी नेहमीच्या ३४ इंचांऐवजी ३६ इंच झाली. त्यामुळे जाड तारेलाही चांगला ताण मिळाला. आज काही वादक २३ कंपनांपर्यंत उतरतात. कानाची हद्द साधारण २०!

चार तारा हा निसर्गनियम नव्हता. ती वारशाने आलेली सवय होती. तेव्हापासून खालचा सूर हवा झाला, की मी खुंटी पिळण्याआधी जाड तार शोधतो.