उताणं की पालथं?

आमच्या नानी तान्ह्या बाळाला उताणंच निजवायच्या. शिकलेल्या जगाने मात्र कित्येक वर्षं उलटा सल्ला दिला. अमेरिकेतील डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनाचं पुस्तक १९४६ साली आलं आणि घराघरांत पोचलं. १९५०च्या दशकातील आवृत्तीपासून त्यात बाळाला पालथं झोपवायची शिफारस होती. उताणं असताना उलटी झाली तर बाळ गुदमरेल, ही भीती. हेतू नेक होता, पण पुरावा नव्हता. पुढे न्यूझीलंड आणि ब्रिटनमधील अभ्यासांत दिसलं की, झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांत पालथी निजवलेलीच जास्त होती. १९९१ साली ब्रिटनमध्ये ‘बाळाला उताणं झोपवा’ ही मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांतच असे मृत्यू निम्म्याहून खाली आले.

२००५ सालच्या एका अभ्यासाचा अंदाज वाचून मी सुन्न झालो. हाती असलेले पुरावे १९७० सालीच एकत्र तपासले असते, तर युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये किमान ५० हजार बाळं वाचली असती.

नानी बरोबर होत्या म्हणून मी खूश होत नाही. त्या बाळाभोवती मऊ उशा, जाड गोधड्याही ठेवायच्या. आज डॉक्टर सांगतात, बिछाना सपाट आणि घट्ट हवा, उशी नको, घरात बिडी-सिगारेट नको. सल्ला नानीचा असो वा ग्रंथकाराचा, ‘कशावरून?’ हे विचारायला मी मुलांना वर्गात शिकवतो. घरातही विचारायला हवं.