एका बोहल्यावर दोन नवरे

नेपल्सचं प्राणिशास्त्रीय केंद्र, 1901-02चा हिवाळा. काचेच्या बशीत समुद्राचं पाणी आणि त्यात सी-अर्चिनच्या अंडपेशी. प्राणी काट्यांचा गोळा, पण अंडी बऱ्यापैकी पारदर्शक; आतली हालचाल सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. थिओडोर बोव्हेरी आणि त्यांची प्राणिशास्त्रज्ञ पत्नी मार्सेला बशीत मुद्दाम जास्तीचे शुक्राणू सोडतात. अपघात घडवूनच आणायचा आहे.

(पुढच्या वेळा पाण्याच्या तापमानानुसार मागेपुढे होतात.)

0 सेकंद. पहिला शुक्राणू चिकटतो. एरवी अंड्याच्या पापुद्र्यावरचा विद्युतभार एक-दोन सेकंदांत उलटतो आणि मागून येणाऱ्यांना दार बंद होतं. विजेचं हे कुलूप लॉरिंडा जॅफी यांनी 1976 साली दाखवलं. बोव्हेरींना ते माहीत असणं शक्यच नव्हतं. इथे गर्दी इतकी, की कुलूप लागायच्या आत दुसराही आत.

1 मिनिट. अंड्याभोवती फलनाचं आवरण फुगून उभं राहतं. आता तिसऱ्याला वाव नाही. पण चोर घरात आहे.

20 मिनिटं. दोन्ही शुक्राणूंची केंद्रकं अंड्याच्या केंद्रकाकडे सरकतात. प्रत्येकाकडे 18 गुणसूत्रं. नेहमीच्या संसारात 36 होतात, इथे 54.

अर्धा तास. डीएनएच्या नकला सुरू. सी-अर्चिनच्या अंड्याने आपलं अर्धसूत्री विभाजन आधीच उरकलेलं असतं, त्यामुळे फलन झालं की थेट नकलेलाच हात. काम मिनिटांत आटोपतं. मला सगळ्यात अस्वस्थ करतो तो हाच टप्पा, कारण इथे काहीच बिघडत नाही. नकलनवीस आपलं काम चोख करतो. मूळ कागद किती आले हे मोजणं त्याच्याकडे नाही. 54च्या 108 प्रती तयार.

सुमारे एक तास. अनर्थ. प्रत्येक शुक्राणू गुणसूत्रांबरोबर विभाजनाचं एक केंद्रही घेऊन येतो आणि त्याची दोन होतात. दोन शुक्राणू, म्हणजे चार ध्रुव. गुणसूत्रं चारी बाजूंनी खेचली जातात आणि अंडं एका दमात चार पेशींत फुटतं. एकेका प्रकारच्या गुणसूत्राच्या सहा प्रती, घरं चार. कुणाला तीन मिळतात, कुणाला एकही नाही. सरासरी 27 भरते, पण सरासरीने संसार चालत नाही.

पुढचे तास. भ्रूण वाढत राहतो, वरकरणी ठीक.

दुसरा दिवस. बहुतेकांच्या पोटात सुटलेल्या, कुजक्या पेशींचा ढीग. बोव्हेरींनी कॅल्शियमविरहित पाण्यात त्या चार पेशी वेगळ्या करून पाहिल्या. चौघी वेगवेगळ्या प्रकारे बिघडल्या. प्रत्येकीकडे भरपूर गुणसूत्रं होती, तरी हवी ती नव्हती. म्हणजे गुणसूत्रं एकसारखी नसतात. प्रत्येकाचं काम निराळं. सुताच्या लडीसारखं वजनावर मोजून चालत नाही.

बोव्हेरींनी 1914 साली एका पुस्तकात हाच धागा कर्करोगाच्या गाठींपर्यंत नेला आणि पुढच्याच वर्षी ते वारले. त्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर 1929 साली आलं. भाषांतर केलं होतं मार्सेला यांनी.