बोलायला शिकवणारी सभा : टोस्टमास्टर्स मंडळांची शंभर वर्षांची रीत

विषयाचे ज्ञान आहे, मुद्देही ठाऊक आहेत. पण चारचौघांत उभे राहिले की तोंडातून शब्द फुटत नाही. ही अडचण नवी नाही आणि ती केवळ विद्यार्थ्यांपुरतीही नाही. नोकरीच्या मुलाखतीत गुणी उमेदवार मागे पडतो, कार्यालयातील बैठकीत चांगली सूचना मनातच राहते, ग्रामसभेत रस्त्याचा वा पाण्याचा रास्त प्रश्न घेऊन आलेला माणूस दोन वाक्यांत अडखळून खाली बसतो. अशा वेळी नुकसान एकट्या बोलणाऱ्याचे होत नाही, ऐकणाऱ्यांचेही होते.

या अडचणीवर उपाय म्हणून वक्तृत्वाचे वर्ग आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या कार्यशाळा सर्वत्र भरतात. त्यांहून वेगळी आणि शंभर वर्षे टिकलेली रीत म्हणजे टोस्टमास्टर्स मंडळांची. येथे पगारी शिक्षक नसतो, परीक्षा नसते. सभासदच एकमेकांना शिकवतात.

उगम

या चळवळीचे जनक राल्फ स्मेडली (१८७८–१९६५) हे अमेरिकेतील वायएमसीए या संस्थेत शिक्षणविषयक काम पाहत. इलिनॉय राज्यातील ब्लूमिंग्टन येथे काम करताना त्यांच्या लक्षात आले, की संस्थेत येणाऱ्या तरुणांना सभेत बोलणे, सभा चालवणे, समितीत काम करणे यांचे शिक्षण कुठेच मिळत नाही. १९०५ मध्ये त्यांनी अशा तरुणांचा एक गट जमवला. मेजवानीच्या प्रसंगी पाहुण्यांची ओळख करून देणाऱ्या आणि शुभेच्छांचा प्याला उंचावण्याचे आवाहन करणाऱ्या व्यक्तीला इंग्रजीत टोस्टमास्टर म्हणतात. गटाच्या बैठकांचे स्वरूप तशाच मेजवानीसारखे मोकळे असल्याने तेच नाव पडले.

पुढे स्मेडली यांच्या बदल्या होत गेल्या. जेथे गेले तेथे त्यांनी असे गट सुरू केले आणि त्यांची पाठ फिरताच ते बहुधा बंद पडले. अखेर २२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातील सांता आना येथील वायएमसीएच्या इमारतीत भरलेल्या सभेतून उभे राहिलेले मंडळ टिकले. हीच टोस्टमास्टर्सची पहिली सभा मानली जाते. जवळपासच्या गावांत तशीच मंडळे निघाली आणि १९३२ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली. आज सुमारे दीडशे देशांत या संस्थेची हजारो मंडळे आहेत. भारतातील मोठ्या शहरांत, विशेषतः माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत, ती मोठ्या संख्येने दिसतात.

प्रारंभी ही मंडळे केवळ पुरुषांसाठी होती. हेलन ब्लँचर्ड यांनी १९७० मध्ये होमर ब्लँचर्ड या पुरुषी नावाने सभासदत्व घेतले. १९७३ मध्ये महिलांना अधिकृत प्रवेश मिळाला आणि १९८५ मध्ये त्याच हेलन ब्लँचर्ड संस्थेच्या पहिल्या महिला आंतरराष्ट्रीय अध्यक्ष झाल्या. बोलण्याचा हक्क मिळवण्यासाठी नाव बदलावे लागलेल्या स्त्रीने पुढे त्याच व्यासपीठाचे नेतृत्व केले.

सभा कशी चालते?

सभा साधारण एक ते दोन तासांची असते आणि तिचे तीन भाग पडतात.

पहिला भाग तयारीनिशी केलेल्या भाषणांचा. नव्या सभासदाचे पहिले भाषण स्वतःची ओळख करून देणारे, चार ते सहा मिनिटांचे असते. नंतरची बहुतेक भाषणे पाच ते सात मिनिटांची असतात आणि प्रत्येकाचा हेतू ठरलेला असतो : कधी मुद्द्यांची बांधणी, कधी आवाजातील चढउतार, कधी देहबोली.

दुसरा भाग उत्स्फूर्त बोलण्याचा. आयत्या वेळी विषय मिळतो आणि त्यावर एक ते दोन मिनिटे बोलायचे असते. मुलाखतीत किंवा ग्रामसभेत नेमके हेच करावे लागते, म्हणून अनेकांना हा भाग सर्वांत उपयोगी वाटतो.

तिसरा भाग मूल्यमापनाचा. प्रत्येक वक्त्यासाठी एक मूल्यमापक आधीच नेमलेला असतो. तो दोन-तीन मिनिटांत सर्वांसमोर सांगतो, की भाषणात काय साधले, काय सुधारता येईल आणि कसे. ‘छान झाले’ एवढे म्हणून त्याची सुटका होत नाही. शिवाय नेमके, पण समोरच्याचे मन न दुखावता सांगणे हेही एक संभाषणकौशल्यच असल्याने वक्त्याइतकाच मूल्यमापकही शिकत असतो.

याशिवाय काही लहान कामे वाटून दिलेली असतात. वेळपाल हिरवा, पिवळा आणि लाल दिवा किंवा कार्ड दाखवून वेळेची जाणीव देतो. पाच ते सात मिनिटांच्या भाषणात पाचव्या मिनिटाला हिरवा, सहाव्याला पिवळा आणि सातव्याला लाल. एक जण ‘अं’, ‘म्हणजे’, ‘काय आहे ना’ यांसारखे भरतीचे शब्द मोजतो, तर एक जण भाषेच्या अचूकतेकडे लक्ष देतो. नवा सभासद बहुधा अशाच एखाद्या छोट्या कामाने सुरुवात करतो. भाषणाची धास्ती असली तरी अर्ध्या मिनिटाचा अहवाल त्याला उभे राहून द्यावाच लागतो. संकोच तेथेच थोडा कमी होतो.

मंडळाचा कारभारही सभासदच पाहतात. अध्यक्ष, शिक्षण उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार अशी पदे ठराविक मुदतीने बदलतात. त्यामुळे सभा बोलावणे, विषयपत्रिका आखणे, नाराज सभासदाची समजूत घालणे हे धडेही मिळतात.

मार्गदर्शक म्हणजे कोण?

नव्या सभासदाला एक अनुभवी सभासद मार्गदर्शक म्हणून दिला जातो. इंग्रजीतील ‘मेंटॉर’ हा शब्द होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यातून आला. युद्धावर जाताना राजा ओडिसियसने आपले घर ज्या मित्राच्या हाती सोपवले त्याचे नाव मेंटॉर. पुढे त्याच्या रूपात देवी अथीना राजपुत्र टेलेमॅकसला धीर देते. मूळ कथेतील हे नाते शिक्षकाचे नव्हे, विश्वासाने सोबत करणाऱ्याचे आहे. मराठीत त्यासाठी ‘सांगाती’ हा शब्द शोभावा.

मूल्यमापक आणि मार्गदर्शक यांतील फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. मूल्यमापक एका भाषणाकडे पाहतो. मार्गदर्शक माणसाकडे पाहतो. विषय निवडताना अडले तर तो प्रश्न विचारतो, आदल्या दिवशी तालीम ऐकतो, भाषण फसले तर पुढच्या सभेला यायला लावतो. मात्र भाषण लिहून देणे हे त्याचे काम नव्हे. चांगल्या मार्गदर्शकाची खूण म्हणजे काही महिन्यांनी त्याची गरज उरत नाही.

आपल्याकडील परंपरा

मराठी समाजाला सभेचे वावडे कधीच नव्हते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला आजही चालते आणि ती चालवणाऱ्या संस्थेचे नावच वक्तृत्वोत्तेजक सभा असे आहे. गोव्यातही व्याख्यानांना गर्दी करणारा श्रोता आहे. मडगावच्या गोमंत विद्या निकेतनसारख्या संस्थांनी तो घडवला. कीर्तनकाराच्या मागे उभा राहून झील धरणारा साथीदार पुढे स्वतः कीर्तनाला उभा राहतो, हीसुद्धा सहवासातून शिकण्याचीच पद्धत आहे.

मग उणीव कोठे आहे? व्याख्यानमालेत एक बोलतो आणि शेकडो ऐकतात. शालेय वक्तृत्व स्पर्धेत पुष्कळदा पाठ केलेले भाषण म्हटले जाते आणि निकालानंतर कुणाला पहिले, कुणाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळते. पण बक्षीस न मिळालेल्या मुलाला आपले काय चुकले हे बहुधा कुणी सांगत नाही. अनेकदा त्याचे ते शेवटचे भाषण ठरते. टोस्टमास्टर्सच्या रीतीत फसलेले भाषणही वाया जात नाही, कारण त्यावर बोलणारा माणूस आधीच नेमलेला असतो आणि पुढची संधी काही आठवड्यांवर असते. २०१५ मध्ये या संस्थेच्या जागतिक वक्तृत्व स्पर्धेत पहिले आलेले सौदी अरेबियाचे मोहम्मद काहतानी लहानपणी तोतरे बोलत असत, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे.

मर्यादा

ही रीत सर्वगुणसंपन्न नाही. सभासद तज्ज्ञ नसल्याने मूल्यमापन कधी वरवरचे होते आणि परस्परांच्या कौतुकातच सभा संपते. स्पर्धेच्या नादी लागलेल्या वक्त्याचे बोलणे कृत्रिम होण्याचा धोका असतो. वर्गणी भरावी लागते, नवे मंडळ रीतसर स्थापण्यासाठी किमान वीस सभासद लागतात आणि आपल्याकडे कामकाज बहुधा इंग्रजीत चालते. मराठी माध्यमातून आलेला तरुण तेथेच बिचकतो. वास्तविक मंडळाने कोणत्या भाषेत बोलावे यावर संस्थेचे बंधन नाही.

आणि नाव, नोंदणी, दिवे यांखेरीजही या पद्धतीचा गाभा उचलता येतो. गावातील वाचनालयाची खोली, आठ-दहा माणसे, एक घड्याळ आणि पंधरवड्यातून एक संध्याकाळ एवढे पुरते. दोघांनी तयारीने बोलावे, चौघांनी आयत्या विषयावर दोन मिनिटे बोलावे, आणि प्रत्येक वक्त्याला एकाने तरी नेमकेपणाने सांगावे, की काय पोचले आणि काय पोचले नाही. एक पथ्य मात्र पाळावे : सभेचा भार एकाच उत्साही माणसावर टाकू नये. स्मेडली यांचे आरंभीचे गट ते गावातून गेल्यावर विस्कटले. सांता आनाचे मंडळ रुजले आणि आज स्मेडली नसतानाही ही मंडळे चालतात, कारण कामे सर्वांत वाटलेली असतात.