बेल्याच्या घरासाठी घेतलेला कॅमेरा

1970 च्या दशकात बेल्याला आमच्या घरी एकच कॅमेरा होता, काकांचा आगफा क्लिक थ्री. 120 चा रोल, त्यात मोजून 12 चौकोनी फोटो. रोल धुवायला आदिलाबादला द्यायचा. त्यामुळे काका एका लग्नात दोन-तीनच फोटो काढत, बाकी पुढच्या कार्याला! आजीचा आयुष्यातला एकुलता एक फोटो त्यातलाच, अंगणात कापसाच्या ढिगाजवळ.

साधारण त्याच काळात, 1975 साली, अमेरिकेत कोडॅकच्या स्टीव्हन सॅसननं पहिला डिजिटल कॅमेरा बनवला होता. वजन साडेतीन किलोच्या वर, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद. आम्हाला त्याचा काय पत्ता!

2006 पर्यंत आजीचा चेहरा फोटोतून उडत चालला. ट्रंकेतले कागदही फाटायला आले होते. निजामकाळचे उर्दूत, 1956 नंतरचे तेलुगूत, बाबांच्या वह्या मराठीत. शिवाय आई थकली होती. म्हणून कॅमेरा घ्यायला हैदराबादला गेलो.

दुकानदाराचं एकच तुणतुणं, मेगापिक्सेल. मी तिथेच कागदावर हिशेब मांडला. चार बाय सहा इंचाच्या प्रिंटला इंचाला 300 ठिपके धरले तर 1200 गुणिले 1800, म्हणजे 21 लाख 60 हजार. दोनाच्या थोडं वर! आठ बाय दहा केला तरी 72 लाख. आपल्याला चौकात पोस्टर लावायचंय का? झूमचंही तसंच. ऑप्टिकल झूम भिंगाचा, तो खरा. डिजिटल झूम म्हणजे फोटोचा तुकडा कापून मोठा करणं, नवीन काही दिसत नाही.

मी दोनच गोष्टी विचारल्या. फुलाचं चिन्ह आहे का, म्हणजे जवळून कागद टिपता येईल. आणि साधे पेन्सिल सेल चालतात का, कारण बेल्यात लाइटचा भरवसा नव्हता. शेवटी कॅननचा पॉवरशॉट ए530 घेतला. 5 मेगापिक्सेल, दोन पेन्सिल सेल.

आजीचा फोटो ओसरीत, फ्लॅश बंद करून काढला. फ्लॅश मारला की चकचकीत कागदावर पांढरा डागच येतो. त्या दिवाळीत आईचेही भरपूर फोटो काढले. चुलीपाशी, तुळशीपाशी, नातवाला रागावताना.

एवढा हिशेबी माणूस मी, पण फोटो ठेवायचे कुठे हे कुणाला विचारलं नाही. सगळे एकाच सीडीत उतरवले आणि कार्ड रिकामं केलं. काही वर्षांनी आई गेली, तेव्हा सीडी लावली. उघडेचना. आदिलाबादला दाखवली, हैदराबादला दाखवली, उपयोग झाला नाही. बँकेत जन्मभर प्रत्येक कागदाची दुसरी प्रत ठेवली, आणि घरात हे!

आजीचा फोटो वाचला, कारण त्याची तेवढी प्रिंट काढली होती. ती बेल्याच्या घरात भिंतीवर आहे. आईची सीडी कपाटात आहे, फेकवत नाही.