चर्चच्या पेटीतील वह्या

राजेरजवाड्यांचा इतिहास लिहायला बखरकार असतात. पण दळणकांडण करीत आयुष्य वेचलेल्या बाईचा इतिहास कोण लिहिणार? आपल्याकडील जुन्या वंशावळी उघडल्या तर आजा, पणजा, खापरपणजा अशी पुरुषांची ओळ सरळ उतरत येते. त्यांच्या बायकांची नावे शोधू लागले की बहुधा जागा कोरी! इंग्लंडातील सामान्य घरांची गतही फारशी निराळी झाली नसती. परंतु तेथे गावोगावच्या चर्चमध्ये वह्या घातल्या गेल्या आणि त्यांनी पुष्कळ नावे राखली. त्या वह्या कशा आल्या व आज कोणाच्या श्रमामुळे वाचावयास मिळतात, हा वृत्तान्त आपल्या भगिनींना उद्बोधक वाटेल.

एका चर्चच्या कक्षेतील वस्तीला तिकडे ‘पॅरिश’ म्हणतात. आठव्या हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्याने बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने यांची नोंद दर रविवारी करावी. वही पेटीत ठेवावी, पेटीला दोन कुलपे असावीत; एक किल्ली पाद्र्याकडे, दुसरी चर्चच्या कारभाऱ्यांकडे. लोकांना मात्र धास्ती पडली, की ही नव्या कराचीच तयारी!

पुढे १५९८ मध्ये ठरले, की नोंदी टिकाऊ चर्मपत्रावर उतराव्यात आणि दर वर्षी त्यांची एक नक्कल बिशपकडे पाठवावी. ही दूरदृष्टी फार उपयोगी पडली. ओल, उंदीर, आग यांनी मूळ वही गेली, तरी कित्येक ठिकाणी बिशपकडील नक्कल उरली. १६४२ पासूनच्या यादवीत मात्र अनेक गावांच्या नोंदी खंडित झाल्या.

या वह्यांत बाई कशी दिसते? बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदीत पुष्कळदा ‘अमक्याची मुलगी’ एवढेच लिहिलेले. आईचे नावच नाही. १७५४ पासून नव्या कायद्याने लग्नाच्या नोंदीवर वधूवरांची व साक्षीदारांची सही आवश्यक झाली. लिहिता न येणारी वधू फुली काढी. कित्येक बायांच्या हातची तेवढीच एक खूण आज जगात उरली आहे. १८१३ पासून छापील वह्या आल्या. त्यांत बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईच्या नावाला आणि बापाच्या धंद्याला जागा ठेवलेली होती. १८३७ मध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली. त्यापूर्वीच्या काळासाठी मात्र मुख्य आधार या वह्यांचाच.

आता त्या पाहायच्या कशा? १९७८ साली चर्चने नियम केला, त्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वह्या सामान्यतः नेमलेल्या दप्तरखान्यात ठेवल्या जातात. बहुतेक ठिकाणी हा म्हणजे त्या परगण्याचा दप्तरखाना. पण दप्तरखान्यात नुसते आडनाव सांगून भागत नाही. गाव ठाऊक हवे आणि सालाचा अंदाज हवा. येथे साहाय्याला येतात ती स्थानिक कुलेतिहास मंडळे. लंडनमध्ये अशी संस्था १९११ साली निघाली, बर्मिंगहॅमकडे १९६३ मध्ये. आणि १९७४ मध्ये अशा मंडळांचा संघ झाला. त्यांचे हौशी सभासद वळणदार जुने अक्षर लावतात, नोंदी उतरून घेतात, नावांची अकारविल्हे सूची करतात. थडग्यांवरील अक्षरे पावसाने झिजून जाण्यापूर्वी तीही टिपून ठेवतात.

सूची म्हणजे वाट दाखविणारी पाटी. मुक्कामाला मूळ वहीपाशीच पोचावे लागते, कारण नक्कल करताना अक्षर चुकते. सालाचाही एक घोळ आहे. १७५२ पूर्वी इंग्लंडात वर्ष २५ मार्चला पालटत असे. म्हणून वहीत फेब्रुवारी १७२० असेल, तर आपल्या हिशेबी ते १७२१ होय.

या कथेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. कंपनीचे पाद्री येथील बाप्तिस्मे, लग्ने व दफने यांच्या नकला लंडनला धाडीत. मुंबई इलाख्याच्या १७०९ पासूनच्या अशा नकला आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि १९९८ साली स्थापन झालेल्या एका मंडळाचे स्वयंसेवक हिंदुस्थानातील अशा नोंदींच्या सूच्या करीत आले आहेत. त्यांतून गोऱ्या शिपायांची मुले सापडतात. मात्र आई हिंदी असली, तर तिचे नाव कित्येकदा गाळलेले असते. वही असूनही लिहिणाऱ्याला जिचे नाव लिहावेसे वाटले नाही, तिला सूची तरी कोठून शोधणार?

आपल्याकडे तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, शाळांचे जुने दाखले आहेत. त्यांचाही शोध अवश्य घ्यावा. पण त्याआधी घरातील वडीलधाऱ्या बायकांपाशी बसावे. आजीचे माहेरचे नाव, तिच्या आईचे नाव, गाव, लग्नाचे साल, झालेली आणि गेलेली मुले एवढे विचारून तारखेसह लिहून ठेवावे. मंडळाच्या कपाटात अशी एक वही असावी आणि प्रत्येक सभासद भगिनीने तिच्यात निदान एक पान भरावे. सांगणाऱ्या आज आपल्यात आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.